नकाराचा रकाना

२००६ च्या जून महिन्यात पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयातून मला फोन आला. त्या रुग्णालयात होणाऱ्या संशोधनाची छाननी करणारी नैतिकता समिती नव्याने बांधली जात होती. आदल्या वर्षी औषध नियमावलीच्या अनुसूची 'वाय'मध्ये जी सुधारणा झाली, तिच्यानुसार अशा समितीत डॉक्टर, औषधशास्त्रज्ञ, कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिक यांच्याबरोबर समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांपैकी कोणीतरी एक असणे आवश्यक होते. "मॅडम, तुमच्या विषयाची एक जागा आहे, महिन्यातून एक बैठक असते," एवढेच मला सांगण्यात आले. मी तेव्हा एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होते. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या नीतिशास्त्रावरील माझ्या पीएच.डी.ला नऊ वर्षे झाली होती, आणि रुग्णालयाशी माझा संबंध घरातील आजारपणांपुरताच आलेला होता. मी होकार दिला. माझ्या अध्यापनाला, लेखनाला आणि पुढे सगळ्याच कामाला वळण लागले ते त्या होकारापासून.

पहिल्या बैठकीच्या आठवडाभर आधी शिपाई तीन जाडजूड फायली घरी देऊन गेला. प्रत्येकीत संशोधनाचा आराखडा, औषधाविषयी आधी जमलेली माहिती, विम्याची कागदपत्रे आणि शेवटी इंग्रजी व मराठी संमतिपत्र होते. पहिल्या दोन रात्री मी शब्दकोश घेऊन आराखडे वाचले आणि मला त्यांतले फारसे कळले नाही. बैठकीत औषधाची मात्रा, यकृतावरील परिणाम, रुग्णांची संख्या यांवर तासभर चर्चा झाली. माझी पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी आदराने विचारले, "नैतिक बाजूने काही?" मी रुग्णाच्या स्वायत्ततेविषयी दोन वाक्ये बोलले. सर्वांनी मान डोलावली आणि पुढची फाईल उघडली गेली. मी जे बोलले ते खरे होते, परंतु ते कोणत्याही फाईलबद्दल बोलता आले असते, आणि घरी परतताना हीच गोष्ट मला लागून राहिली होती.

पुढचे वर्षभर मी विद्यार्थिनीसारखा अभ्यास केला. माणसांवरील संशोधनाचे नियम सांगणारी १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे कृष्णवर्णीय रुग्णांना सिफिलिसचे उपचार न देता केवळ त्यांचे निरीक्षण करत राहण्याचा प्रकार आणि त्यातून पुढे १९७९ मध्ये आलेला संशोधनातील नीतीविषयीचा बेलमाँट अहवाल हे सारे वाचले. १९७९ मध्येच ब्यूचॅम्प आणि चिल्ड्रेस या नीतितज्ज्ञांनी मांडलेली स्वायत्तता, हित, अहितवर्जन (अपाय न करणे) आणि न्याय ही चार तत्त्वेही अभ्यासली. आपल्याकडे या विषयाला आकार देणाऱ्यांत मुंबईहून १९९३ पासून निघणारे वैद्यकीय नैतिकतेला वाहिलेले नियतकालिक महत्त्वाचे आहे. त्याच्या जुन्या अंकांतून मला इथल्या रुग्णालयांचे, इथल्या रुग्णांचे आणि इथल्या डॉक्टरांच्या अडचणींचे जे ज्ञान मिळाले, ते परदेशी पाठ्यपुस्तकांतून मिळाले नसते.

मात्र माझे खरे काम सुरू झाले ते फायलीच्या शेवटच्या पानांपासून. मराठी संमतिपत्र बहुधा एखाद्या भाषांतर संस्थेकडून करून घेतलेले असे आणि त्याला प्रमाणपत्र जोडलेले असे. मराठी मजकूर दुसऱ्या भाषांतरकाराने पुन्हा इंग्रजीत करायचा आणि तो मूळ इंग्रजीशी जुळला की भाषांतर बिनचूक मानायचे, अशी ती पद्धत. 'सहभागी व्यक्तीस यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात समाविष्ट केले जाईल' हे वाक्य या कसोटीला पूर्ण उतरते. 'यादृच्छिक' परत इंग्रजीत नेले की 'रँडम' हा मूळ शब्द तंतोतंत हाती येतो. या सबंध प्रवासात रुग्ण मात्र कोठेच भेटत नाही. मी समितीत विचारले की आपल्यापैकी कितीजण घरी बोलताना 'यादृच्छिक' म्हणतात. हा विनोद नव्हता आणि कोणी हसलेही नाही. अध्यक्षांनी पर्यायी शब्द सुचवायला सांगितले.

मी 'चिठ्ठ्या टाकून' असे सुचवले. शब्द सोपा होता, सर्वांना पटला आणि तसाच छापला गेला. दोन-तीन महिन्यांनी त्या अभ्यासाची पाहणी करायला आम्ही वॉर्डात गेलो, तेव्हा एका रुग्णाच्या पत्नीने समाधानाने सांगितले, "यांची चिठ्ठी निघाली." नवे औषध मिळालेल्या गटात तिचा नवरा होता. भिशीत ज्याची चिठ्ठी निघते त्याला पैसे मिळतात, आणि तिने चिठ्ठीचा तोच अर्थ घेतला होता. नवे औषध म्हणजे लाभ आणि दुसरा गट म्हणजे हुकलेली संधी, असे तिला वाटत होते. वास्तविक असा अभ्यास करणे नैतिक ठरते ते दोनपैकी कोणता उपचार चांगला याविषयी जाणकारांमध्येच प्रामाणिक अनिश्चितता असते तेव्हा. ही अट नीतितज्ज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ मध्ये स्पष्टपणे मांडली होती आणि मी ती वाचलेलीही होती. असे असूनही माझ्याच शब्दाने तिच्या मनात नेमकी उलटी समजूत रुजवली होती. त्यानंतर आम्ही मजकूर असा केला: 'तुम्हाला कोणते औषध मिळेल हे नाणे उडवून ठरवावे तसे ठरेल. दोन्हींपैकी कोणते अधिक चांगले, हे आज डॉक्टरांनाही माहीत नाही. ते कळावे म्हणूनच हा अभ्यास आहे.' दुसरे वाक्य काढावे, त्याने रुग्णाचा विश्वास डळमळेल, असे संशोधकांचे म्हणणे होते. त्यावर पुष्कळ वाद झाला. ते वाक्य राहिले आणि ते राहिले याचा मला आजही आनंद वाटतो.

अशीच दुसरी अडचण 'माघार' या शब्दाची होती. 'आपण कोणत्याही क्षणी अभ्यासातून माघार घेऊ शकता' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक संमतिपत्रात असते. मराठी माणसाच्या कानाला माघार म्हणजे हार, दिलेला शब्द मोडणे, वेळेला पाय मागे घेणे. एखाद्या रुग्णाला आपला अधिकार सांगायचा आणि तो वापरणे कमीपणाचे आहे हेही त्याच शब्दात सांगायचे, असा तो प्रकार होता. आम्ही 'तुम्हाला केव्हाही या अभ्यासातून बाहेर पडता येईल. कारण सांगावे लागणार नाही आणि तुमचे उपचार थांबणार नाहीत' असे लिहू लागलो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने शब्दांचे काम करावे का, असे एका सहकाऱ्याने मला विचारले होते. संकल्पना शब्दांतूनच माणसापर्यंत पोचते, आणि संकल्पनेचे विश्लेषण हाच तर आमचा व्यवसाय आहे, असे मी त्यांना सांगितले.

या काळात कांट मला नव्याने समजला. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याला नेहमी साध्यही मानावे, हे सूत्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते. त्यातील 'केवळ' या शब्दावर मात्र फारशी थांबत नव्हते. वैद्यकीय संशोधनात रुग्ण साधन असतोच. त्याच्या रक्ताचे नमुने, त्याच्या दुखण्याच्या नोंदी पुढच्या रुग्णांसाठी वापरल्या जातात आणि हे लपवण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच उरतो की तो केवळ साधन राहतो की त्या कामाचा हेतू त्याचा स्वतःचाही होऊ शकतो. तो हेतू त्याला कळला आणि नको म्हणण्याची मोकळीक असताना त्याने तो स्वीकारला, तरच 'केवळ' हा शब्द तेथून हटतो. संमतिपत्रावरील सहीचे नैतिक मोल माझ्या मते इतकेच आणि एवढे मोठे आहे.

त्या सहीमागे काय चालते हे मला वॉर्डात दिसले. एका पाहणीच्या वेळी सासवडकडच्या एक वयस्कर बाई भेटल्या. त्यांनी अंगठा दिलेला होता आणि फॉर्म त्यांना वाचून दाखवल्याची नोंद होती. मी त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि त्यांना काय सांगितले गेले ते विचारले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "बाई, अंगठा दिला नसता तर खाट काढून घेतली असती का हो?" उपचारांवर परिणाम होणार नाही हे वाक्य त्यांना शब्दशः वाचून दाखवले गेले होते. परंतु ते वाचणारे डॉक्टर आणि रोज सकाळी राउंडला येऊन औषध ठरवणारे डॉक्टर एकच होते. अशा माणसाला नाही म्हणायचे तर कसे, हे त्यांच्यासमोरचे कोडे कोणत्याही वाक्याने सुटणारे नव्हते. पुढे त्याच फाईलमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली. निरक्षर रुग्णाच्या संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या अनेक संमतिपत्रांवर साक्षीदार म्हणून त्याच वॉर्डातील एका मामांची, म्हणजे कक्षसेवकाची, सही होती. त्या मामांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण सही करायला सांगणारे त्यांचे वरिष्ठ होते.

समितीने तेव्हापासून तीन गोष्टींचा आग्रह धरला. संमती विचारणारी व्यक्ती शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांहून वेगळी असावी, साक्षीदार रुग्णालयाच्या नोकरीतील नसावा, आणि तातडीचा प्रसंग नसेल तर रुग्णाला घरच्यांशी बोलायला एक रात्र मिळावी. त्याशिवाय प्रगती-अहवालात एक नवा रकाना असावा असे मी सुचवले. किती जणांना विचारले आणि किती जणांनी नकार दिला, याचा तो रकाना होता. विचारलेल्या प्रत्येकाने होकार दिला असेल, तर विचारणे खरोखर झाले का, ही शंका घेण्याचा समितीला अधिकार आहे असे माझे मत होते आणि आहे. हा रकाना पुढची कित्येक वर्षे कोरा किंवा शून्य भरून येत राहिला.

माझ्या हातून झालेली एक गंभीर चूक येथे सांगितली पाहिजे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत आढळले नाही. परंतु वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या असल्याचे उघड झाले, आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. ते वृत्त प्रथम वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. समितीत आल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी शाळकरी मुलांच्या रक्ताचे नमुने घेण्याच्या एका अभ्यासाला आम्ही मान्यता दिली होती, आणि मुख्याध्यापकांची परवानगी पुरेशी मानली होती. जुनी फाईल काढून पाहिली. मान्यतेच्या कागदावर माझी सही होती आणि इतिवृत्तात माझ्या नावापुढे एकही प्रश्न नव्हता. त्या मुलांना काही अपाय झाला नाही, तरी त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारले नव्हते हे खरेच होते. पुढे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि त्यापुढील अठरापर्यंतच्या मुलांचा लेखी होकार पालकांच्या संमतीबरोबर घ्यावा असे आहे. हे मी वर्गात शिकवते तेव्हा ती जुनी फाईलही विद्यार्थ्यांना सांगते.

२०१३ नंतर कामाचे स्वरूप बदलले. समित्यांची नोंदणी सक्तीची झाली, इजा झाल्यास भरपाईचे नियम आले, आणि संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण सुरू झाले. २०१५ च्या दुरुस्तीने ते दुर्बल स्थितीतील सहभागींवर होणाऱ्या नव्या औषधी रसायनाच्या चाचण्यांपुरते मर्यादित केले आणि २०१९ च्या नव्या नियमांनी तसेच ठेवले. मी अशी पुष्कळ मुद्रणे पाहिली आहेत. प्रश्न पूर्ण होण्याआधीच रुग्ण "हो" म्हणतो, हे कागदावर कधीच दिसले नसते.

त्याच सुमारास मी संशोधनाच्या पलीकडे, उपचारांतील पेचांकडे वळले. अतिदक्षता विभागातील डॉक्टर अधूनमधून बोलावू लागले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात निकाल दिला होता. १९७३ पासून मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या या परिचारिकेचे उपचार थांबवण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने मोकळी केली. त्याच न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी करण्यात आली. आता असे इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते आणि निर्णय तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे घेतात.

कायद्याची ही वाटचाल मी शिकवते, परंतु अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकांवर मला वेगळीच गोष्ट दिसत राहिली. तेथे एक कागद असतो, ज्याला सगळे कर्मचारी 'डामा' म्हणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या इच्छेने आणि जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत, असे नातेवाईक त्यावर लिहून देतात. एकदा दोन भाऊ वडिलांना घेऊन निघाले होते. थोरल्याने सही करताना मला विचारले, "मॅडम, आम्ही यांना मारतोय का?" वडील वाचण्याची आशा डॉक्टरांनाही नव्हती. त्यामुळे 'सल्ल्याविरुद्ध' हा शब्द खोटा होता. बिल भरणे शक्य नव्हते म्हणून ते निघाले होते. त्यामुळे 'स्वतःच्या इच्छेने' हेही खरे नव्हते. डॉक्टरांनी हात वर केले असते तर कायद्याचे भय होते, म्हणून निर्णयाचे सगळे ओझे एका सहीने त्या मुलावर टाकले गेले होते. मी त्याला म्हणाले की आजार तुमच्या वडिलांना नेतो आहे, तुम्ही त्यांना घरी नेत आहात. मग डॉक्टरांना विनंती केली की वेदनाशमनाची औषधे आणि ती कशी द्यायची हे लिहून द्यावे. तेवढे झाले. त्या प्रसंगानंतर मी जेथे जेथे बोलले तेथे डामाच्या कागदाविषयी बोलले आहे. रुग्णाचे हाल वाढवणारे उपचार पुढे न नेण्याचा निर्णय डॉक्टरांनी कुटुंबाबरोबर बसून घ्यावा आणि तसाच लिहावा, ही माझी मागणी आहे.

माझ्या प्राध्यापकीच्या नोकरीत या कामाला मात्र जागा नव्हती. पदोन्नतीच्या गुणांत बैठकांचे तास मोजले जात नसत, आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हा विषय ऐच्छिक म्हणून यायलाही फार वेळ लागला. आमच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान घेणारी मुले कमी होत गेली. दुसरीकडे, २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात नीती आणि संवाद यांचे धडे पहिल्या वर्षापासून आले आणि मला वैद्यकीय महाविद्यालयांत बोलावणी येऊ लागली. शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवसाआधी, तो देह आपला पहिला शिक्षक आहे, यावर त्या मुलांशी बोलणे हे मी केलेल्या अध्यापनातले सर्वांत मोलाचे काम मानते.

त्या मुलांचा ठरलेला प्रश्न असे की मुलगा म्हणतो, "आईला कॅन्सरचं सांगू नका," मग आम्ही काय करायचे? चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात याचा उल्लेख आहे, तो मी त्यांना वाचून दाखवते. रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे हे ठाऊक असले, तरी जेथे सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला घात होईल तेथे ते सांगू नये, असे तो म्हणतो. विद्यार्थी पहिल्यांदा 'सांगू नये' एवढेच ऐकतात. मग आम्ही 'जेथे घात होईल तेथे' या अटीवर थांबतो. घात होईल हे कोणी ठरवायचे? मुलाच्या भीतीवरून की आईला ओळखून? मी त्यांना सुचवते की आधी आईलाच विचारावे, तुमच्या आजाराचे तुम्हाला किती सांगू आणि कोणाजवळ सांगू. काही जणी म्हणतात, सगळे मुलाला सांगा. ते त्यांचे स्वतःचे उत्तर असते. काही जणींना सगळे आधीच कळलेले असते आणि मुलाला त्रास नको म्हणून त्या गप्प असतात.

गेल्या वर्षी मी समितीतून निवृत्त झाले. माझ्या जागी आलेल्या प्राध्यापिका समाजशास्त्राच्या आहेत. शेवटच्या बैठकीत संधिवाताच्या एका अभ्यासाचा सहामाही अहवाल होता. मी सवयीने रकाना पाहिला. त्यात नकारांची संख्या होती आणि शेजारी निवासी डॉक्टरांनी, कारण विचारायचे नसल्यामुळे, रुग्णांनी आपणहून सांगितले तेवढेच टिपले होते. एकीला पेरणीच्या दिवसांत दर पंधरवड्याला पुण्याला येणे जमणार नव्हते. एकाला मुलीशी बोलून नको वाटले. एकीच्या पुढे फक्त 'नको म्हणाल्या, उपचार चालू आहेत' असे लिहिले होते.